घरचा संघ हरत होता तेव्हा

मोहर्ली म्हटलं की लोकांना ताडोबाचं गेट आठवतं, इरईचं पाणी आठवतं, वाघ आठवतो. फुटबॉल कुणाला आठवणार? पण मंगळवारी कोअरमधली सफारी बंद असते आणि त्या संध्याकाळी इथले पोट्टे, सोबत दोन-चार जिप्सीवाले आणि गाईड, गावालगतच्या पडीत फुटबॉल खेळतात. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "काका, हा माणूस आधी कुठं होता?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पोटापाण्यासाठी मुंबईत होतो त्या वर्षांत माझ्या सुट्ट्या ज्या संघामागे गेल्या, त्या मुंबई एफसीची सगळी गोष्ट सांगावी लागते.

हा क्लब 2007 मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी त्यानं आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगची दुसरी श्रेणी जिंकली आणि 2008-09 च्या मोसमात डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली तो देशातल्या बड्या संघांत येऊन बसला. मुंबईत तेव्हा महिंद्र युनायटेड होता, एअर इंडिया होता. महिंद्र तर 2005-06 चा राष्ट्रीय विजेता, तरी 2010 मध्ये तो संघ बंद झाला. 2013 मध्ये एअर इंडियाही लीगमधून गेला. ज्या शहरात 1891 पासून रोव्हर्स कप खेळला गेला, त्या शहराचं नाव आय-लीगमध्ये लावायला उरला तो आमचा नवखा मुंबई एफसी. मध्यंतरी कूपरेज या आमच्या घरच्या मैदानाचं काम निघालं, म्हणून घरचे सामने पुण्याला बालेवाडीत जाऊन खेळायची वेळ त्याच्यावर आली. घरच्या मैदानाविना काढलेली ती वर्षं संघाला फार जड गेली, असं माझं मत आहे.

2009 ते 2016 या काळात प्रशिक्षक होते खालिद जमील. स्वतः भारताकडून खेळलेले, महिंद्रकडून खेळलेले. क्लबच्या गाठीशी पैसा बेताचा, खेळाडू बहुतेक इथले किंवा दुसऱ्यांनी सोडलेले. विजेतेपद हे आमचं उद्दिष्ट कधीच नव्हतं. खालच्या श्रेणीत ढकललं जायचं नाही, एवढीच दर वर्षाची लढाई. त्यामुळे खेळही तसाच: मागे दाट फळी, चेंडू लांब मारायचा, कॉर्नर किंवा फ्री किकवर एखादा गोल मिळाला तर तो जिवापाड राखायचा. कंटाळवाणा खेळ म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मला मात्र शेवटच्या दहा मिनिटांत गोलरेषेसमोर अंग टाकणारे ते बचावपटू आजही डोळ्यांसमोर दिसतात.

सामन्याचा दिवस म्हणजे आधी चर्चगेट. स्टेशनबाहेर वडापाव, मग ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत कूपरेज. डावीकडे राजाबाई टॉवर, उजवीकडे क्रिकेटचे एकात एक घुसलेले डाव. मैदानात शिरलं की पहिला येई तो तापलेल्या रबराचा वास. तिथली हिरवळ कृत्रिम आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ती अशी तापायची की खेळाडू पाण्याच्या बाटल्या पायावर ओतून घेत. स्टँड लहान आणि मैदानाला खेटून. बचावपटूनं दिलेली हाक, बुटाला बूट लागल्याचा आवाज, प्रशिक्षकाचं ओरडणं सगळं स्पष्ट ऐकू येई. पिवळ्या टी-शर्टातले 'यलो ब्रिगेड'वाले ढोल घेऊन एका कोपऱ्यात असायचे. मोजकेच, पण दोन गोलांनी मागे असतानाही त्यांचा ढोल थांबत नसे. ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान आले की मुंबईतले बंगाली प्रेक्षक झेंडे घेऊन लोटायचे आणि आम्ही आमच्याच मैदानात पाहुणे वाटू लागायचो. त्या दिवशी बरोबरी जरी साधली तरी परतीच्या लोकलमध्ये अनोळखी पिवळे टी-शर्ट एकमेकांशी बोलायला लागत.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. सिनेतारे, परदेशी नावं, दिव्यांचा झगमगाट. मुंबई सिटी एफसी हा नवा संघ आला आणि पुढे त्यानं मोठमोठी विजेतेपदंही मिळवली. त्यांचा आनंद मलाही झाला. पण शहराचं, वर्तमानपत्रांचं आणि टीव्हीचं लक्ष तिकडे गेलं, कूपरेजचा स्टँड आणखी ओस पडला, हे खरं आहे.

मग आला 2016-17 चा मोसम. खालिद जमील यांना क्लबनं सोडलं होतं. सुरुवातीचे दोन सामने आम्ही जिंकले आणि वाटलं, यंदाही निभावेल. त्यानंतर विजय आटलेच. मध्येच प्रशिक्षक बदलला, तरी घसरण थांबली नाही. प्रत्येक सामन्याला तोच हिशोब: हा जिंकला तर, तो हरला तर. शेवटी तळाचं स्थान आलं आणि मुंबई एफसी पहिल्यांदाच खाली गेला.

त्याच मोसमात दुसरीकडे काय चाललं होतं? आदल्या वर्षी खाली ढकलला गेलेला आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर परत घेतला गेलेला मिझोरमचा ऐझॉल एफसी. त्याचे प्रशिक्षक खालिद जमील. त्यांच्यासोबत आमच्याच संघातले जयेश राणे आणि आशुतोष मेहता. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. राष्ट्रीय लीग जिंकणारा ईशान्य भारतातला पहिला क्लब. कूपरेजवर अनेक वर्षं जी माणसं टिकून राहण्यासाठी झगडली, त्यांच्यात विजेतेपदाची ताकद होती. कमी पडलं ते त्यांच्या पाठीशी उभं राहणारं शहर. मी हे रागानं लिहीत नाही, पण मला हे ठामपणे वाटतं.

दुसऱ्या श्रेणीत उतरून पुन्हा वर येण्याचा प्रयत्नही झाला नाही. त्याच वर्षी मालकांनी संघाचा गाशा गुंडाळला. संघ खाली गेला याचं दुःख पचवता आलं असतं, कारण खाली गेलेला संघ वर येतो. पण बंद पडलेल्या संघाला हाक कशी मारणार?

खालिद जमील यांच्या भारतीय संघानं सप्टेंबर 2025 मध्ये काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान मिळवलं, तेव्हा इथल्या पोट्ट्यांनी मोबाईलवर सामना पाहून आरडाओरडा केला. 14 ऑक्टोबरला मडगावला घरच्याच मैदानात सिंगापूरनं आपल्याला 2-1 नं हरवलं आणि आशिया कपची वाट बंद झाली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर "आपल्या लोकांना फुटबॉल जमतच नाही" हे वाक्य मी पुन्हा ऐकलं. असं म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कामठी, नागपूर, कोल्हापूर, मुंबई, जिथे असाल तिथल्या मैदानावर यंदाच्या मोसमात एकदा तरी जा. जो संघ हरतोय त्याच्या बाजूला बसा आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उठू नका.