स्वस्तातला सिनेमास्कोप

गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली आला. सिनेमास्कोपमध्ये चित्रित झालेला तो पहिला भारतीय चित्रपट, कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा. ती लांबलचक चौकट देणाऱ्या लेन्सला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियँ यांनी १९२०च्या दशकात ही युक्ती सिनेमासाठी बसवली: दृश्य आडवं दाबून फिल्मवर घ्यायचं आणि पडद्यावर तेवढंच पसरायचं. आपल्यासारख्या सुट्टीच्या दिवशी कॅमेरा काढणाऱ्यांचा या लेन्सशी कधी संबंध येत नव्हता. २०१५चा ‘टँजरीन’ हा चित्रपट मात्र आयफोनवर, पुढे अशीच छोटी लेन्स अडकवून काढला गेला. मग २०२० साली सिरुई या चिनी कंपनीने ५० मिमीची लेन्स ७०० डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण अडीच हजार दिरहमला बाजारात आणली. (घरात यावर जे बोललं गेलं ते अंकात छापण्याजोगं नाही.)

पण अल नहदातल्या फ्लॅटसाठी ५० मिमी घेऊ नका. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर बारा फुटांवरून जेमतेम साडेसात फूट रुंदी मावते. गेल्या वर्षी पुतणीचं बारसं झालं. मधोमध पाळणा, एका बाजूला शारजातल्या अल नहदातून रस्ता ओलांडून आलेली आत्या, दुसरीकडे बिल्डिंगमधल्या सगळ्या काकू, आणि माझ्या पाठीला बाल्कनीची काच. तिथे २४ मिमी कामी आली. तेवढ्याच अंतरावरून पंधरा फूट रुंदी. फोकस हातानेच करावा लागतो, म्हणून तो पाळण्यावर लावून कॅमेरा स्टँडवर सोडून दिला. बाळाच्या मुठी जवळून टिपायला साधी लेन्स जवळ हवी, कारण अर्ध्या मीटरच्या आतलं या लेन्सला दिसत नाही. आणि शूटिंगआधी सगळ्यांना विचारून घ्या. परवानगीशिवाय कुणाचं चित्रण करणं इथे कायद्याने गुन्हा आहे.

एडिटिंग अवघड नाही. १.३३ पटीची लेन्स असेल तर चित्राची उंची ७५ टक्क्यांवर आणायची, ३८४० बाय २१६०चं ३८४० बाय १६२० होतं. दाबलेले चेहरे पुन्हा माणसांसारखे दिसू लागतात.

मग साध्या १८ मिमी लेन्सने घेऊन वरखाली कापलं तर? रुंदी तीच मिळते, आणि ज्यांना फक्त माणसं मावायला हवीत त्यांनी खुशाल तेच करावं. अ‍ॅनामॉर्फिकमध्ये सेन्सरचा भाग वाया जात नाही, दिव्यांतून आडव्या निळ्या रेषा निघतात, मागचे धूसर दिवे किंचित लंबगोल होतात. या किंचितसाठी पैसे मोजायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी मोजले.

खरी अडचण पुढे आली. तो व्हिडिओ मिरजेला आईसाठी होता. गुडघ्यांमुळे तिचा प्रवास बंद आहे, नातीचं बारसं तिला दिसणार ते एवढंच. आणि आई फोन उभाच धरते. उभ्या फोनवर ही चौकट पडद्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शात बसते, माणसं मुंगीएवढी. म्हणून पेनड्राइव्हवर घालून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवला आणि भाच्याने टीव्हीला लावला. आईने मध्येच थांबवून फोन केला, “डावीकडे अगदी टोकाला पदर सावरत उभी आहे ती कोण रे?” सातव्या मजल्यावरच्या, जळगावच्या काकू. मग दोघींचं फोनवर बोलणं झालं, आता आठवड्याला होतं.

५० मिमी पडून नाही. संध्याकाळी पॉन्ड पार्कमध्ये तळ्याकाठी उभं राहिलं की पलीकडच्या टॉवर्सचे दिवे पाण्यात उतरतात, तिथे तिच्यासारखी लेन्स नाही. दिवाळीत बाल्कन्यांवर माळा लागल्या की निळ्या रेषा फार होतात. तेव्हा लेन्स जरा खाली कलवा, किंवा पुढे हाताचा आडोसा धरा.