नेट गेलं म्हणून नाही, काका

जूनचा आडवा पाऊस. रत्नागिरीतल्या पावस गावाजवळच्या एका बागायतदार काकांकडे मी हापूसच्या विक्रीसाठी वेबसाइट उभी करत होतो. आधी त्यांच्याच संगणकावर, एक्झाम्प हा साइट आपल्याच यंत्रावर चालवणारा संच टाकून, वर्डप्रेस बसवून. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली, डेटाबेसशी जोडणी होत नाही अशी. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "सकाळपासनं नेट नाय. जोडणी होणार कशी?"

पावसाळ्यातल्या रत्नागिरीत हा तर्क कुणालाही पटेल, पण इथे तो लागू नाही. आपल्याच संगणकावर चालणाऱ्या साइटला डेटाबेस गाठायला इंटरनेट लागत नाही. 'लोकलहोस्ट' म्हणजे हेच यंत्र, पत्ता १२७.०.०.१. एक प्रोग्राम त्याच यंत्रातल्या मायएसक्यूएल या डेटाबेस सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामचं दार ठोठावतो. दाराचा, म्हणजे पोर्टचा, नेहमीचा क्रमांक ३३०६. माजघरातून ओटीवर हाक मारायला टॉवर लागत नाही.

दुसरा समज जरा जाणकारांचा : ही ओळ आली म्हणजे पासवर्ड चुकला. खरं तर वेगवेगळे बिघाड या एकाच ओळीमागे दडतात. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डीबग चालू केलं की खरा क्रमांक दिसतो. १०४५ म्हणजे आत कुणीतरी आहे, पण तुमचं नाव किंवा पासवर्ड त्याला मान्य नाही. २००२ म्हणजे बहुतेक वेळा दारात कुणी नाहीच, मायएसक्यूएल सुरूच झालेलं नाही. डेटाबेसच नसेल तर वर्डप्रेस वेगळा निरोप देतं : सर्व्हर भेटला, डेटाबेस निवडता आला नाही. वर्डप्रेस सगळं आपोआप बनवतं असं समजून अनेकजण इथे अडकतात. ते आतले तक्ते बनवतं; रिकामा डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनात जाऊन आपणच करायचा.

आमचा क्रमांक होता १०४५. एक्झाम्पमध्ये सुरुवातीला वापरकर्ता 'रूट' आणि पासवर्ड कोरा असतो. कोरा म्हणजे कोराच, स्पेससुद्धा नाही. मी तसंच लिहिलं होतं, तरी नकार. मग काकांची मुलगी म्हणाली, "बाबा, मी डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलसाठी मायएसक्यूएल टाकलं होतं ना!" तिचं मायएसक्यूएल विंडोजबरोबर आपोआप सुरू होत होतं आणि ३३०६ अडवून बसलं होतं. एक्झाम्पचं त्यामुळे उठतच नव्हतं. आमची साइट मात्र दार ठोठावत होती आणि आतून उत्तरही येत होतं, भलत्याच सर्व्हरचं. पासवर्ड बरोबर होता, घर चुकलं होतं.

एक्झाम्पच्या पॅनेलवर 'मायएसक्यूएल' लिहिलेलं असलं तरी २०१५पासून आत मारियाडीबी असतं. दोन्हींचे मुख्य जनक मायकेल विडेनियस; त्यांनी पहिल्याला थोरल्या मुलीचं, 'मी'चं (इंग्रजी अक्षरांत My), नाव दिलं आणि दुसऱ्याला धाकट्या मारियाचं. म्हणजे पावसच्या त्या खोलीत दोघी बहिणी एका दारासाठी भांडत होत्या! मुलीचं प्रॅक्टिकल बुडवायचं नव्हतं, म्हणून एक्झाम्पच्या माय.आयएनआय फाइलमध्ये पोर्ट ३३०७ केला आणि वर्डप्रेसमध्ये होस्ट म्हणून १२७.०.०.१:३३०७ लिहिलं. पीएचपीमायअ‍ॅडमिनलाही नवा पोर्ट सांगावा लागतो, हे हमखास विसरलं जातं. मी विसरलोच होतो.

मॅकवर एक्झाम्पऐवजी मॅम्प हा तसाच संच वापरणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं : तिथे नाव आणि पासवर्ड दोन्ही 'रूट', पोर्ट ८८८९.

कोकणात सगळ्यात महाग पडणारा समज विजेचा आहे. लाइट गेली, संगणक धाडकन बंद पडला, मायएसक्यूएल परत सुरू होईना, म्हणून लोक एक्झाम्प काढून पुन्हा टाकतात. असं केलं तर डेटा फोल्डरसकट साइटचा मजकूर जाऊ शकतो. खरं तर डेटाबेसमधला इनोडीबी हा साठवणीचा भाग आपल्या नोंदवहीवरून अर्धवट राहिलेलं काम पुष्कळदा स्वतःच सावरतो. नाहीच सावरता आलं, तर आधी पूर्ण डेटा फोल्डरची प्रत बाजूला काढा आणि त्यातली मायएसक्यूएल_एरर.लॉग ही फाइल शेवटून वाचा. 'आयबीडेटा१' नावाची फाइल उडवून टाका, असा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सगळ्या तक्त्यांचा हिशेब तिच्यात असतो.

हे काकांना समजावत होतो तोवर लाइट गेलीच. यूपीएस टी-टी करू लागला. काकांनी माझ्याआधी माऊस हातात घेतला आणि पॅनेलवरचं 'स्टॉप' दाबलं.