टाके निघाले, पण जखम भरली का?

मोठी शस्त्रक्रिया झाली, आठ-दहा दिवसांनी टाके काढले, रुग्ण घरी आला, की 'आता बरे झाले' असे आपण सहज म्हणतो. बाहेरून पाहिले तर ते खरेही वाटते. कातडीवर एक लालसर रेघ तेवढी उरलेली असते. पण त्या रेघेखाली काय चालू असते? ते किती दिवस चालते? आणि ते पुरे होण्याआधी शरीरावर दुसरा मोठा भार पडला, तर काय होते? या लेखात आपण हे प्रश्न पाहणार आहोत.

त्यासाठी आम्ही बीड जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, गेवराई या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. तिथल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. त्या दिवसांत वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. या टोळ्यांतील कमी वयाच्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या आल्यानंतर, २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी' काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नसल्याने ही तुलना ढोबळ आहे, तरी फरक लहान नाही.

या शस्त्रक्रिया आवश्यक होत्या का, यावर खूप चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आपण मात्र त्यापुढचा प्रश्न घेऊ. शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या शरीराला भरून यायला किती वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला मिळतो का?

जखम भरण्याचे टप्पे

कातडी कापली की पहिल्या काही मिनिटांतच रक्तबिंबिका जमा होतात आणि रक्त गोठून गुठळी बनते. ही तात्पुरती बुचे होत. त्यानंतर चार-पाच दिवस पांढऱ्या पेशींचे काम चालते. त्या जंतू खातात, मेलेल्या ऊती साफ करतात. जखमेभोवतीची सूज आणि ऊब हे या साफसफाईचे लक्षण असते. मग तंतू तयार करणाऱ्या पेशी येतात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागतात. हे विणकाम साधारण तीन आठवडे जोरात चालते. पण धागे सुरुवातीला कसेही, अस्ताव्यस्त पडलेले असतात. त्यांची पुन्हा नीट मांडणी करणे आणि त्यांना एकमेकांत घट्ट गुंतवणे हा शेवटचा टप्पा होय. तो अनेक महिने, कधी वर्षभरही चालतो.

या टप्प्यांचा अर्थ बळाच्या भाषेत पाहू. मूळ ऊतीचे बळ १०० धरले, तर एका आठवड्यानंतर जखमेचे बळ १० च्या आसपास असते. तीन आठवड्यांनी ते २० ते ३० होते आणि तीन महिन्यांनी ७० ते ८० पर्यंत पोचते. पूर्ण १०० ते पुन्हा कधीच होत नाही. टाके काढतात तेव्हा कातडीच्या कडा चिकटलेल्या असतात, एवढेच. पोटाची भिंत ज्या चिवट पडद्यामुळे ताठ राहते, तो पडदा या वेळी जेमतेम सांधू लागलेला असतो.

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल एक गैरसमज आहे. बाहेर तीन-चार लहान छिद्रेच असल्याने ती 'छोटी' वाटते. पोटाच्या भिंतीला इजा कमी होते आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो, हे खरे. पण गर्भाशय काढले असेल, तर योनिमार्गाच्या वरच्या टोकाला आतून घातलेली शिवण तेवढीच असते, आणि ती भरायला कित्येक आठवडे लागतात.

भरपाईचा माल कुठून येतो?

भिंत बांधायला विटा लागतात, तसे जखम भरायला प्रथिने लागतात. ती शरीर कुठून आणते? ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतील नायट्रोजन मोजला. तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. नायट्रोजन प्रथिनांतून येतो. म्हणजे इजा एका पायाला झाली, तरी शरीर सगळीकडचे स्नायू थोडे थोडे मोडून प्रथिने मोकळी करत होते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही हेच घडते. जखम बरी दिसत असताना हातापायांत त्राण नसते, त्याचे हे एक कारण आहे. ही उसनवारी फेडायला आठवडे लागतात, आणि त्यासाठी डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी असे प्रथिनयुक्त अन्न लागते.

दुसरी गरज क जीवनसत्त्वाची. त्याच्याशिवाय कोलॅजेनचे धागे घट्ट होत नाहीत. १९३९ साली जॉन क्रॅन्डन या तरुण अमेरिकी शल्यविशारदाने स्वतःवरच प्रयोग केला. त्याने क जीवनसत्त्व नसलेला आहार सुरू केला. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर केलेली जखम नेहमीप्रमाणे भरली. सहा महिन्यांनी केलेली जखम मात्र आतून भरलीच नाही, आणि क जीवनसत्त्व दिल्यावर ती भरून आली. त्याही आधीची एक नोंद चकित करणारी आहे. १७४० ते १७४४ या काळात जॉर्ज अॅन्सन यांच्या जहाजांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा स्कर्व्ही झालेल्या एका खलाशाच्या पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या लढाईत झालेल्या जखमा पुन्हा उघडल्या. याचा अर्थ असा की जुन्या व्रणातही कोलॅजेनची मोडतोड आणि दुरुस्ती सतत चालू असते. आवळा, पेरू, लिंबू यांचे महत्त्व यावरून कळेल.

तिसरी गरज लोहाची. समजा, शस्त्रक्रियेत ४०० मिलिलिटर रक्त गेले. त्यासोबत साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जाते. शरीर आहारातून रोज १ ते २ मिलिग्रॅम लोहच शोषते, आणि त्यातलेही बरेचसे रोजच्या झिजेत खर्च होते. म्हणजे नुसत्या जेवणातून ही तूट भरायला कित्येक महिने लागतील. म्हणून लोहाच्या गोळ्या देतात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे अनेक जणींच्या बाबतीत कोठार शस्त्रक्रियेच्या आधीच रिकामे असते.

एकीनंतर दुसरी शस्त्रक्रिया

आता शहरातील एक वेगळा प्रसंग घ्या. अतिस्थूल व्यक्तीला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायची आहे. पण नुकतेच तिचे गर्भाशय काढले आहे किंवा दुसरी एखादी मोठी शस्त्रक्रिया झाली आहे. शल्यविशारद तिला थांबायला सांगतात. का?

या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारात अन्नाची वाट वळवून आतड्याच्या पुढच्या भागाशी जोडतात. त्यानंतर पहिले काही दिवस केवळ पातळ पदार्थ, तेही थोडे थोडे, घेता येतात. लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण कमी होते. वजन झपाट्याने उतरते, आणि चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेची उसनवारी फिटली नसताना आवकच बंद होते! स्थूल माणसाकडे साठा भरपूर असतो, असे वाटेल. पण तो साठा चरबीचा असतो. चरबीपासून प्रथिने किंवा लोह बनत नाही, आणि स्थूल व्यक्तींत लोहाची व ड जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते.

दुसरे कारण रक्ताच्या गुठळ्यांचे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा आणि ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमधील सुमारे साडेनऊ लाख महिलांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा धोका बारा आठवड्यांपर्यंत वाढलेला दिसला. स्थूलतेमुळे तो आणखी वाढतो. म्हणून हिमोग्लोबिन, प्रथिने आणि जीवनसत्त्वे तपासून, चालण्याफिरण्याची ताकद पाहून, मगच पुढची तारीख ठरते. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीची शस्त्रक्रिया करायची तर अर्थातच थांबता येत नाही, आणि कधी डॉक्टर विचारपूर्वक दोन कामे एकाच वेळी उरकतात. पण जिथे तारीख आपल्या हातात आहे, तिथे शरीराला वेळ देणे हाच नियम आहे.

फडातला हिशेब

हा नियम घेऊन पुन्हा बीडकडे येऊ. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती हंगामभर काम करून फेडायची असते. एखादा दिवस काम बुडाले, तर खाडा धरून पैसे कापले जातात. काम म्हणजे दिवसभर वाकून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे. फडाजवळच्या कोपीत शौचालय नसते, पाणी बेताचे असते. लहान वयात लग्न, पाठोपाठची बाळंतपणे, अंगावरून जाणे, जंतुसंसर्ग हे सारे अंगावर काढत कामावर जावे लागते. अशा वेळी 'पिशवी काढली की कटकट गेली' हा सल्ला तिला का पटतो, हे समजणे अवघड नाही.

पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच हंगाम सुरू झाला तर? मोळी उचलताना आपण श्वास रोखतो आणि पोटातला दाब एकदम वाढतो. तो दाब थेट त्या अर्धवट विणलेल्या पडद्यावर येतो. तो फाटला, की तिथून आतडे बाहेर डोकावते. यालाच हर्निया म्हणतात. गर्भाशय काढताना त्याला धरून ठेवणारे बंध कापावे लागतात. खालून आधार देणारे स्नायू बाळंतपणांनी आधीच सैल असतील, तर जड ओझ्याने पुढे योनिमार्ग खाली उतरू शकतो. मग त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया! शरीराच्या दृष्टीने पाहिले, तर असा हंगाम दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी नाही. फरक एवढाच की इथे तारीख पुढे ढकलणारे कोणी नसते.

आणखी एक नुकसान वेळ देऊनही भरून येत नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले, तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक अचानक कमी होते. तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याच्या वयाचे त्रास सुरू होतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून नुसते 'पिशवी काढली' हे पुरेसे नाही. बीजांडकोश ठेवले की काढले, हे त्या बाईला माहीत असायला हवे आणि तिच्या कागदावर लिहिलेले असायला हवे.

काय करता येईल?

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे जड वजन उचलू नये, असे डॉक्टर सर्वसाधारणपणे सांगतात. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल आणि काम मोळी वाहण्याचे असेल, तर तीन महिन्यांचा आकडा ध्यानात ठेवणे शहाणपणाचे. विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. रोज थोडे चालल्याने गुठळ्यांचा धोका कमी होतो. ताप, जखमेतून पू, एका पोटरीला सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काही दिसले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि मुळात शस्त्रक्रिया ठरवताना दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी आहेत. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आहे.

वर्गात करून पाहा

मैद्याची खळ करून कागदाच्या पट्ट्यांच्या सहा जोड्या टोकाला टोक चिकटवा. पाच मिनिटांनी, एका तासाने आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन जोड्या ओढून पाहा. सांधा तिन्ही वेळी सारखाच दिसतो, पण बळ सारखे नसते. दुसऱ्या प्रयोगात मुलांनी एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हाताने पाण्याने अर्धी भरलेली बादली उचलावी. पोट कसे ताठते, ते हाताला कळेल. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. वरच्या वर्गांत १३,८६१ आणि ८२,३०९ या आकड्यांवरून टक्केवारी काढून घ्या, आणि दोन पाहण्यांची तुलना करताना वयोगट का पाहावा लागतो, याची चर्चा करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुले वर्गात असतील, तर कोणाच्या आईबद्दल विचारू नका. तीन आठवडे आणि तीन महिने यांतला फरक त्यांना नीट समजावा. दिवाळीनंतर घरी कोणी मोळी उचलायला निघाले, तर तो सांगणारे दुसरे कोणी तिथे नसेल.