आठ दिवस, त्र्याहत्तर सैनिक

"मावशी, तुला हिरवा रंग लावता येईल का गं? फक्त हिरवा. बाकीचं मी बघतो."

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला, धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात मी दुसऱ्या दिवसासाठी मूग भिजत घालत होते आणि दारात माझा सोळा वर्षांचा भाचा उभा होता. घरात त्याला आम्ही सोन्या म्हणतो. मला तिथे जाऊन चार दिवस झाले होते. 'हो', 'नको' आणि 'ठीक आहे' यापलीकडे तो माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलत होता. त्यामुळे कशाला, कुठे, किती, असं काहीही न विचारता मी म्हणाले, "येईल की!"

मी पेणची. आमच्याकडे गणपतीच्या आधीचे महिने म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. बचत गटातल्या आमच्या कितीतरी बायका मूर्तींच्या कारखान्यांत रंगकामाला जातात. त्यांची हजेरी, मजुरी, रात्री उशीर झाला तर घरी पोचायची सोय, तान्ह्या मुलांना कुणाकडे ठेवायचं, या सगळ्यात माझाही पाय घरात ठरत नाही. गणपती उरकले की मग जरा मोकळीक मिळते. म्हणून गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बहिणीकडे गेले. म्हटलं, चार दिवस रंगाच्या वासापासून लांब राहू. पण कसचं काय!

सोन्याच्या खोलीत टेबलावर, खिडकीत, पुस्तकांच्या मागे, जिथे बघाल तिथे बोटाएवढे सैनिक उभे होते. त्यातले २१ रंगवलेले आणि ७३ नुसते राखाडी, प्लास्टिकचे. आणि स्पर्धा होती पुढच्या शनिवारी. म्हणजे हातात आठ दिवस.

हा खेळ आपल्याकडे फारसा माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. त्याचं नाव 'वॉरहॅमर ४०,०००'. १९८७ साली तो पहिल्यांदा बाजारात आला. तो बनवणारी कंपनी १९७५ मध्ये लंडनला सुरू झाली आणि आता तिचं मुख्यालय नॉटिंगहॅममध्येच आहे. त्या परिसरात छोटे सैनिक बनवणारे इतके उद्योग आहेत की या छंदातली माणसं त्याला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. कारण पूर्वी हे सैनिक शिशाचे ओतायचे. आता बहुतेक प्लास्टिकचे असतात आणि सुट्या तुकड्यांत येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. असं अख्खं सैन्य स्वतःच्या हाताने तयार करून मोठ्या टेबलावर मांडायचं आणि फासे टाकून, टेपने अंतर मोजून लढाई खेळायची. एक सामना तीन-तीन तास चालतो.

मला वाटलं होतं, हे कॉम्प्युटरच्या जमान्यातलं खूळ असेल. पण नाही. एच. जी. वेल्स हे नाव आपण अभ्यासात वाचलेलं असतं. त्या लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. हा खेळ बारा ते दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि त्यातल्या त्यात हुशार मुलींसाठी आहे, असं त्याने पुस्तकाच्या नावातच घालून ठेवलंय! हे सोन्याने सांगितल्यावर मी बहिणीला म्हटलं, "बघ, आपल्यालाही परवानगी आहे."

पण बहीण हसली नाही. तिचा राग वेगळाच होता. "ताई, तू त्याला भरीला घालू नकोस. वाढदिवसाचे, दिवाळीचे, सगळे पैसे त्याने यात घातले. दोन वर्षं झाली, अर्धे डबे उघडलेसुद्धा नाहीत. अभ्यासाचं वर्ष आहे. आणि मी काही बोलायला गेले की दार बंद."

तिचंही चूक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ही मंडळी पुण्याहून इकडे आली. नवऱ्याची नोकरी फिरतीची, ही दिवसभर ऑफिसात. तेराव्या वर्षी शाळा, भाषा, मित्र, सगळं एकदम बदललं आणि आधीच अबोल असलेलं पोर आणखीनच मिटून गेलं. शुक्रवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये भरणारा हा खेळाचा क्लब, एवढी एकच जागा होती जिथे तो आपणहून जायचा. आणि नेमकी तिथल्या स्पर्धेत जायची त्याला भीती वाटत होती. कारण २०२० साली आलेल्या नियमावलीप्रमाणे सामन्याच्या १०० गुणांपैकी १० गुण सैन्य पूर्ण रंगवलेलं असेल तर मिळतात. त्याच्या क्लबमध्ये तोच नियम होता. एक जरी सैनिक राखाडी राहिला तरी ते दहा गुण गेले.

"मग दोन वर्षांत का नाही रे रंगवलेस?" मी विचारलं.

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बिघडले तर?"

त्याने रंगवलेले २१ मी हातात घेऊन पाहिले. एकेकाच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा चमकत होतं. एकेकाला त्याने आठ-आठ, दहा-दहा तास दिले होते. आळस म्हणून नव्हे, तर पुढचा तेवढा चांगला होणार नाही या भीतीने त्याने हात आखडला होता. मैत्रिणींनो, हे दुखणं मला ओळखीचं होतं. आमच्याकडे नवीन मुलगी कामाला आली की अगदी असंच होतं. पहिल्या दिवशी ती एकाच मूर्तीच्या सोंडेवर तासभर खिळून बसते. मग शेजारची जुनी बाई म्हणते, "अगं, मूर्ती मखरात बसणार आहे. तीन हातांवरून बघ आणि पुढची घे."

मी हे सांगितलं तर सोन्या चक्क हसला. त्यांच्या छंदातही म्हणे अगदी हाच नियम आहे. तीन फुटांवरून चांगला दिसला, म्हणजे खेळायला चांगला! फक्त तो त्याने स्वतःला कधी लावला नव्हता.

मग मी पदर खोचला. त्याला म्हटलं, एक सैनिक पूर्ण करून दुसरा घ्यायचा नाही. आमच्या कारखान्यात एकटी बाई अख्खा गणपती रंगवत नाही. एक जण अंगाचा रंग, एक पीतांबर, एक दागिने. तसं करू. सगळ्यांना एकच रंग, मग सगळ्यांना दुसरा.

सुरुवातच अपशकुनी झाली. रंग धरावा म्हणून आधी अस्तराचा फवारा मारावा लागतो. परसात धुकं आणि ओल. "आज नको," असं मी म्हणतेय तोवर त्याने पहिल्या दहांवर मारलासुद्धा. वाळल्यावर बघतो तर अंगावर साखर भुरभुरल्यासारखी खरखर! दमट हवेत फवाऱ्याचं असं होतं, हे मला आमच्या पावसाळ्यामुळे माहीत होतं. त्याचा चेहरा पडला. ते दहा आम्ही बाजूला ठेवले. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन असताना, फवारा मारला.

आणि मग हिरवा. सोन्याचं सैन्य ऑर्क नावाच्या राक्षसांचं. हिरवे, धिप्पाड, सुळे बाहेर आलेले. ऑर्कांची फौज म्हणजे झुंडच, त्यामुळे रंगवायला माणसंही जास्त. रंग पाण्याने पातळ करायचा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यायचे, नाहीतर चेहऱ्यावरचे बारकावे बुजतात. डबीच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि त्यावर रंग, म्हणजे तो तासन्‌तास वाळत नाही. ही युक्ती मी पेणच्या बायकांसाठी लगेच मनात टिपून ठेवली. हिरव्यानंतर कपडे, चामडं, लोखंड. मग सगळ्या अंगावर काळपट रंगाचं पाणी सोडायचं. ते सुरकुत्यांमध्ये जाऊन बसतं आणि सपाट चेहरा एकदम जिवंत होतो. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवायचा, की कडा उजळतात.

चौथ्या रात्रीपर्यंत आम्ही दोघंच होतो. बहीण चहा आणून ठेवायची आणि घड्याळाकडे बघून निघून जायची. सकाळी ऑफिस, संध्याकाळी साडेचारलाच अंधार, तीही दमलेली. पण त्या रात्री ती चहाचा कप घेऊन दारातच थांबली. सोन्या एका सुळ्यावर पांढरा ठिपका ठेवत होता आणि झोपेने त्याचा हात थरथरत होता.

"दे इकडे," ती म्हणाली.

लग्नाआधी आमच्या आळीत दिवाळीला हिची रांगोळी बघायला लोक यायचे, हे त्या पोराला माहीतच नव्हतं. मनगट टेबलावर टेकवून, श्वास रोखून तिने एकेक दात असा ठेवला की सोन्या बघतच राहिला. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कसलेल्या हाताकडे असते. मी म्हटलं, "आजपासून दात आणि डोळे हिच्याकडे."

"आई, ऑर्कांच्या जगात दात म्हणजे पैसे असतात," सोन्या म्हणाला. "दात देऊन ते वस्तू विकत घेतात."

"मग तुझ्या सैनिकांवर घातलेले पैसे वसूल झाले म्हणायचे," ती म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं त्याच्याशी हे पहिलं सरळ वाक्य.

त्यानंतरच्या रात्री आम्ही तिघं त्या टेबलाभोवती बसलो. हातात काम असलं आणि नजर खाली असली, की माणसं बोलतात. आमच्या कारखान्यात बायका नवऱ्याचा मार, सासूचं आजारपण, पोरीची फी, सगळं मूर्तीकडे बघत बघतच सांगतात. समोरासमोर बसवून विचारलं तर एक शब्द बोलणार नाहीत. सोन्याचंही तसंच झालं. ऑर्कांना वाटतं की लाल रंगाची गाडी जास्त वेगाने पळते, असल्या गमती सांगता सांगता शाळेत पहिलं वर्षभर डबा एकट्याने खायचा, हेही तो सांगून गेला. बहिणीचा ब्रश थांबला. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने काही विचारलं नाही. पुढचा ऑर्क उचलला. तेव्हा मग तो आणखी बोलला.

शुक्रवारी रात्री एक वाजता हिशेब केला. ६३ पूर्ण. ते खरखरीत दहा तसेच पडलेले. सोन्याचे डोळे लाल झाले होते. "मी जागतो," तो म्हणाला. मी विचारलं, "हे दहा नेलेच नाहीत तर?" त्याने वही काढली. दोन हजार गुणांच्या सैन्यातले ऐंशीच्या आसपास कमी होणार होते, म्हणजे थोडं कमी बळ घेऊन लढायचं. पण जे टेबलावर उभं राहील ते सगळं रंगवलेलं असणार होतं. पाच मिनिटं तो नुसता वहीकडे बघत बसला. मग त्याने ते दहा सैनिक उचलून फळीवर ठेवले आणि दिवा घालवला. पूर्ण नाही झालं तर जायचंच नाही, असं आजवर ठरवत आलेल्या मुलाने उणं सैन्य घेऊन जायचं ठरवलं. मला तेच मोठं वाटलं.

शनिवारी आम्ही दोघीही गेलो. हॉलमध्ये शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत माणसं, बायका मोजक्याच. सोन्या पहिला सामना हरला, दुसराही हरला. तिसऱ्यात समोर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. तो मात्र बरोबरीत सुटला. रंगकामाचं बक्षीस दुसऱ्याच एकाला मिळालं आणि ते योग्यच होतं. त्याचं काम बघून मीसुद्धा हात जोडले असते! पण तिन्ही सामन्यांत सोन्याला रंगाचे दहाच्या दहा गुण मिळाले. निघताना त्या दाढीवाल्या गृहस्थांनी एक ऑर्क उचलून नाकाजवळ धरला आणि दात फार सुरेख आहेत, म्हणाले. सोन्याने मागे वळून बहिणीकडे बोट दाखवलं, "माय मम."

बहिणीने घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

मी परत आले. सोन्याचा सगळा अबोला एका आठवड्यात गेला, असं काही नाही. दार अजूनही बंद होतं, अभ्यासावरून खटके उडतात. पण शुक्रवारी क्लबमधून आल्यावर कोण जिंकलं ते तो आईला सांगतो, असं ती म्हणते. गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. त्या दहा खरखरीत सैनिकांपैकी चार रंगून उभे आहेत. खाली लिहिलंय, 'ताई, हे मी केले. जरा खडबडीत आहेत, पण तीन फुटांवरून बघ.'

आपल्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर असं काही ना काही पडून असेल. अर्धवट विणलेला स्वेटर, एक पेपर राहिलेली परीक्षा, सुटलेलं गाणं. 'नीट जमणार नाही' म्हणून ठेवून दिलेलं. मी तो फोटो आमच्या बायकांना दाखवला. एकीने चष्मा वर करून निरखून पाहिला आणि निकाल दिला, "आखणी बरी आहे. सीझनला बोलवा तिला."