पंधरावं नाव कुणाचं?

क्रिकेटचा संघ जाहीर झाला, की दुसऱ्या दिवशी पेपरात एक चौकट येते. पंधरा नावं. पहिलं कर्णधाराचं, मग उपकर्णधार, मग बाकीची रांग. पुरुषांच्या संघाची चौकट घराघरांत वाचली जाते. याला कशाला घेतलं, त्याला का वगळलं, यावर चहा थंड होईपर्यंत भांडणं होतात. महिलांच्या संघाची चौकट ठळकपणे यायला लागली ती मात्र अलीकडे. पूर्वी शेवटच्या पानावर तीन-चार ओळी असायच्या, त्याही जाहिरात कमी पडली तर!

मी ती चौकट वाचते ती गावं शोधायला. कोण किती धावा काढते, हे नंतर. आधी पोरगी कुठली?

२०२५ च्या विश्वचषकाची यादी अशी वाचायला घेतली, तर नकाशा पुढ्यात घेऊन बसावं लागलं. कर्णधार हरमनप्रीत कौर पंजाबातल्या मोग्याची. स्मृती मानधना आपल्या सांगलीची. रिचा घोष सिलिगुडीची. वेगवान गोलंदाज क्रांती गौड मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची. श्रीचरणी आंध्रातल्या कडप्पाची, रेणुका सिंह हिमाचलातल्या रोहडूकडची, उमा छेत्री आसामातल्या बोकाखातची. यातली निम्मी गावं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मुंबई-दिल्लीच्या मुली होत्याच, पण यादीवर राज्य होतं ते तुमच्या-माझ्यासारख्या गावांचं. आणि साहजिकच मनात आलं, मग यात वर्धा का नाही? बरं वर्धा राहू द्या. नागपूर, अमरावती, अकोला?

तर मैत्रिणींनो, विदर्भाचं नाव विश्वचषकाच्या यादीत येऊन गेलेलं आहे. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकाला इंग्लंडमध्ये गेलेल्या पंधरा जणींत होती. त्या स्पर्धेतला वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना आठवतो का? २९ जून २०१७, टाँटन. स्मृतीने नाबाद १०६ धावा केल्या आणि सगळ्या पेपरांत तिचा फोटो आला. तो यायलाच हवा होता. पण विजयाच्या क्षणी समोरच्या टोकाला नाबाद १८ धावांवर उभी होती ती मोना. सांगलीची एक, नागपूरची एक. साता समुद्रापार खेळपट्टीवर दोघी मराठी पोरी! मला याचं फार अप्रूप वाटलं होतं.

पुढे २३ जुलैला लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. भारत नऊ धावांनी हरला. पूनम राऊतच्या ८६ धावा वाया गेल्या, झूलन गोस्वामीचे तीन बळीही. त्या दिवशीच्या अकरा जणींत मोना नव्हती. लॉर्ड्सचा अंतिम सामना आणि आपण बाहेर बसून बघतोय, हे कसं वाटत असेल? घरच्या लग्नात दिवसभर स्वयंपाकघरात राबलेल्या बाईला ते बरोबर कळेल.

यादीतल्या पंधरा आणि मैदानातल्या अकरा, हे गणित आपण फारसं लक्षात घेत नाही. चार जणी रोज बाहेर असतात. पण त्या नुसत्या बसून नसतात. सरावात गोलंदाजी करायची, फलंदाज मुलींना चेंडू फेकून द्यायचे, सामन्यात पाणी, टॉवेल, हातमोजे, निरोप घेऊन धावत आत जायचं. कुणी जखमी झाली तर ऐनवेळी क्षेत्ररक्षणाला उतरायचं. आणि मुख्य म्हणजे आज आपली पाळी नाही हे सकाळी कळल्यावरही चेहरा पाडायचा नाही. २०२५ च्या स्पर्धेत हैदराबादची अरुंधती रेड्डी पूर्ण महिनाभर संघासोबत होती. एकही सामना तिच्या वाट्याला आला नाही. पदक मात्र तिच्याही गळ्यात पडलं, आणि ते तिचंच होतं.

त्याच स्पर्धेत प्रतीका रावलचं काय झालं ते बघा. दिल्लीची ही सलामीची मुलगी. स्पर्धेत ३०८ धावा, न्यूझीलंडविरुद्ध १२२. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, २६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना पाय दुखावला आणि तिची स्पर्धा संपली. अशा वेळी संघाला बदली खेळाडू घेता येते, पण त्यासाठी आयसीसीच्या समितीची परवानगी लागते आणि जखमी मुलीचं नाव यादीतून काढावं लागतं. प्रतीकाचं नाव गेलं, तिथे शेफाली वर्माचं आलं. शेफाली मूळच्या पंधरांत नव्हतीच, शिवाय सहा राखीव मुलींची जी वेगळी यादी होती, तिच्यातही नव्हती! ती हरियाणाकडून देशांतर्गत सामने खेळत होती. आठवडाभरात ती विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सलामीला उतरली, ८७ धावा काढल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. प्रतीका व्हीलचेअरवर बसून जल्लोषात सामील झाली. पदकं यादीतल्या पंधरांसाठी असतात, त्यामुळे मंचावर तिच्या नावाचं पदक नव्हतं. पुढे तिलाही पदक मिळालं म्हणा, पण त्या रात्री ते नव्हतं.

आणि त्या राखीव यादीत कोण होतं? सहा जणींत दोघी मराठी. पुण्याची तेजल हसबनीस आणि मुंबईची सायली सातघरे. यांची नावं आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहेत? मला विचाराल तर यादीबाहेर राहून तयार राहणं हे यादीत असण्यापेक्षाही अवघड काम आहे.

जेमिमा रॉड्रिग्जचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. २०२२ च्या विश्वचषकाची यादी आली तेव्हा तिच्यात तिचं नाव नव्हतं. २०२५ मध्ये नाव होतं, पण इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला अकरातून बाहेर बसवलं. पुढच्या सामन्यात परत आली ती नाबाद ७६ धावा घेऊन. आणि ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत तोवर एवढी मोठी धावसंख्या कुणीच पार केली नव्हती. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक उचलला, तेव्हा प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. हे गृहस्थ मुंबईकडून धावांचे डोंगर रचूनही भारताच्या यादीत स्वतः कधीच आले नाहीत. पंधरांच्या बाहेर राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती!

हे सगळं आज सांगायचं कारण आमच्या गल्लीतलं आहे. तिथली एक तेरा वर्षांची पोरगी शाळा सुटली की मुलांमध्ये क्रिकेट खेळते. डावखुरी आहे, चेंडू चांगला लांब मारते. आमच्या शेजारच्या खिडकीची काच त्याला साक्षी आहे. कुणीतरी तिच्या आईला सांगितलं, हिला नागपूरला चांगल्या ठिकाणी शिकवा. आई माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, बॅट घ्या, पॅड घ्या, जाण्यायेण्याचं भाडं द्या. आन् शेवटी पंधरा जनीच घेतेत म्हनते पूर्ण देशातून. मंग आपली पोरगी कुठं लागते व त्यात?"

प्रश्न खोटा नाही. कापूस-सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या बाईने तो विचारायलाच हवा. उगाच "स्वप्नं बघा" म्हणून तिची बोळवण करणं मला जमलं नाही. म्हणून तिच्यासोबत बसून हिशेब मांडला, तोच इथे मांडते.

पंधरांची यादी ही फक्त शेवटची पायरी. खाली बऱ्याच पायऱ्या आहेत. पंधरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील, तेवीस वर्षांखालील आणि मग सीनियर, असे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मुलींचे संघ असतात. देशभरात असे तीसहून अधिक संघ आहेत. प्रत्येकात पंधरा धरल्या तरी नुसत्या सीनियर पातळीवर साडेचारशेहून जास्त मुली झाल्या. या मुलींना सामन्याचे पैसे मिळतात. डिसेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयने ते वाढवले. एकदिवसीय सामन्यात अकरांत खेळणाऱ्या सीनियर मुलीला दिवसाला ५० हजार आणि बाहेर बसणाऱ्या राखीव मुलीला २५ हजार. त्याआधी हेच आकडे २० हजार आणि १० हजार होते. आकडा ऐकून ती माउली दोन मिनिटं गप्प झाली. मग म्हणाली, "बसून राहाचेबी पैसे देतेत?"

हो, देतात. पण पूर्वी खेळण्याचेही धड देत नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. १९७३ मध्ये महिला क्रिकेटची संघटना उभी राहिली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा संघ किती होते? तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णींसारख्या मुली त्या काळात घडल्या, भारताच्या कर्णधार झाल्या आणि २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडे गेलं तेव्हा संघटनेच्या सचिव त्याच होत्या. २००५ मध्ये भारत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, त्या स्पर्धेत सामन्यामागे हजार रुपये मिळाले होते, असं कर्णधार मिताली राजनेच सांगितलं आहे. त्या काळात मुलींना खरा आधार होता तो रेल्वेच्या नोकरीचा. डायना एडलजी, मिताली, हरमनप्रीत, सगळ्या कधी ना कधी रेल्वेत होत्या. वर्धा-सेवाग्रामच्या आपल्या जंक्शनवर वाढलेल्या मुलींना रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. घरच्यांना क्रिकेट कळो न कळो, पगार कळायचा. महिला संघांत रेल्वेचा इतकी वर्षं दबदबा राहिला तो त्यामुळेच.

आणि यादीतून नाव गेलं म्हणजे खेळ संपला, असंही नाही. अमरावतीची भारती फुलमाळी बघा. मार्च २०१९ मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध भारताच्या टी-२० संघात तिला संधी मिळाली. त्यानंतरच्या याद्यांत वर्षानुवर्षं तिचं नाव दिसलं नाही. ती विदर्भाकडून खेळत राहिली. मार्च २०२५ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरात जायंट्सकडून मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा कुटल्या आणि टीव्हीवाले धावत सुटले, ही कोण? आम्ही वऱ्हाडवाल्या म्हणालो, आमची! अमरावतीचीच दिशा कासट आणि विदर्भाची डावखुरी गोलंदाज कोमल झांझड याही २०२३ च्या पहिल्या लीगमध्ये बंगळुरूच्या संघात होत्या.

सोलापूरकडची किरण नवगिरे तर कमालच. विश्वचषक सुरू होता, सगळ्यांचं लक्ष तिकडे. त्याच ऑक्टोबर २०२५ मध्ये इकडे नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध खेळताना तिने ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-२० मधलं तोवरचं जगातलं सर्वांत वेगवान! विश्वचषकाच्या पंधरांत ती नव्हती. मैदान आपल्यापासून दीड-दोन तासांवर. आपल्यापैकी कोण गेलं होतं बघायला? मीसुद्धा दुसऱ्या दिवशी पेपरातच वाचलं.

ही गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. बुटीबोरी सोडून नागपूरकडे निघालं, की वर्धा रोडवरच जामठ्याचं स्टेडियम लागतं. शेकडो वेळा आपण एसटीच्या खिडकीतून ते पाहिलं असेल. २०१६ च्या महिला टी-२० विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या मुली तिथे खेळून गेल्या. एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडच्या मुली नागपूरला आल्या. पहिल्या सामन्यात स्मृतीने ८६ धावा केल्या, तरी शेवटी नऊ गडी बाद अशी अवस्था झाली आणि शेवटच्या जोडीने, एकता बिश्त आणि पूनम यादवने, सामना जिंकून दिला. त्याच दिवशी मिताली राज जगात सर्वाधिक एकदिवसीय सामने खेळणारी महिला ठरली, १९२. मुलींच्या सामन्यांना गर्दी नसते. घरच्या पोरींना घेऊन जाऊन निवांत बसता येतं, हाही एक फायदाच.

गल्लीतल्या त्या पोरीचं अजून काही ठरलेलं नाही. वडिलांचं म्हणणं दहावीपर्यंत थांबू. पण पंधरा वर्षांखालील निवड दहावीची वाट बघत नाही. तेव्हा सध्या एवढंच ठरलंय, की शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन दिवस सराव, लेदरचा चेंडू आणि डावखुऱ्या हाताचे हातमोजे. ते वर्ध्यात पटकन मिळत नाहीत, नागपूरहून मागवावे लागतात. शिवाय जन्माचा दाखला. शाळेत एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी निघाली, तर निवड चाचणीच्या दारातूनच परत यावं लागतं. वयाची तपासणी कडक असते, हाडांचा एक्स-रेसुद्धा काढतात. तुमच्या घरात अशी चेंडू मारणारी कुणी असेल, तर तारखा आधी जुळवून बघा.