अल्पसंख्य विद्यार्थी आणि सार्वजनिक आरोग्य

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी दिलेल्या निर्णयाने त्या देशातील उच्च शिक्षणाची चार दशकांहून अधिक काळाची घडी मोडली. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घेण्याची विद्यापीठांची पद्धत न्यायालयाने अवैध ठरविली. हा दावा ज्या दोन विद्यापीठांविरुद्ध चालला, त्यांतील एक हार्वर्ड आणि दुसरे नॉर्थ कॅरोलायना. हार्वर्डच्या नावाभोवती वलय असल्यामुळे चर्चा मुख्यत: त्याचीच झाली. परंतु नॉर्थ कॅरोलायनाचे नाव या प्रकरणात यावे, याला एक वेगळाच अर्थ आहे. चॅपल हिल येथील याच विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात १९७७ साली अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या मंडळाने अल्पसंख्यांच्या आरोग्यावर पहिली परिषद भरविली. परिषदेचा भार विद्यार्थ्यांनीच उचलावयाचा, ही तिची प्रथा पुढे अनेक दशके टिकली.

अशा परिषदांचे महत्त्व केवळ भाषणांत नसते. सुशिक्षित व सुस्थित घरातील मुलाला कोणती शिष्यवृत्ती कोठे मिळते, उन्हाळ्याच्या सुटीत कोणत्या खात्यात काम करावे, शिफारसपत्र कोणाकडे मागावे, हे घरच्या गप्पांतूनच कळत असते. घराण्यातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगणारे कोणी नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर माहिती हेही भांडवलच आहे आणि तेही इतर भांडवलाइतकेच विषम वाटले गेले आहे. समदु:खी विद्यार्थी व ज्येष्ठ तज्ज्ञ एकत्र येतात, तेव्हा या भांडवलाची थोडीफार फेरवाटणी होते.

आकडे आणि माणसे

या प्रयत्नांची गरज किती होती, हे १९८५ साली सरकारी अहवालानेच दाखवून दिले. तत्कालीन आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी नेमलेल्या समितीने कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य समाजांतील मृत्यूंचा हिशेब मांडला. गोऱ्या लोकसंख्येइतकाच मृत्युदर या समाजांचा असता, तर जे झाले नसते असे मृत्यू दरसाल सुमारे ६० हजार भरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, केंद्र सरकारने अल्पसंख्यांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. परंतु कार्यालयाने आकडे गोळा करता येतात, लोकांची दारे उघडता येत नाहीत. दार उघडावयाचे तर ते ठोठावणाऱ्यावर घरातल्यांचा विश्वास असावा लागतो.

हा अनुभव जुनाच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्याच महाविद्यालयातून तीन वर्षांनी, १८८९ साली, सुझन ला फ्लेश ही ओमाहा जमातीची तरुणी डॉक्टर झाली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ती पहिली डॉक्टर स्त्री होय. तिच्या शिक्षणाला महिलांच्या एका साहाय्यक संस्थेने हातभार लावला होता. आनंदीबाईंना आयुष्याने सेवेची संधीच दिली नाही. सुझन मात्र आपल्या जमातीत परतली. क्षय, माश्या, दूषित पाणी, दारू यांच्याविरुद्ध ती घरोघरी हिंडली आणि १९१३ साली तिच्या प्रयत्नांनी वॉल्टहिल येथे रुग्णालय उभे राहिले. एका विद्यार्थिनीला मिळालेले साहाय्य एका अख्ख्या जमातीच्या आरोग्यात कसे उतरते, याचे यापरते बोलके उदाहरण नाही.

टस्कीगीचा धडा

याच्या उलट, विश्वास गमावला तर त्याची किंमत काय पडते, तेही अमेरिकेने पाहिले आहे. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी परिसरात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगण्यात आले नाही. पेनिसिलीन हे हमखास औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना देण्यात आले नाही, कारण उपचाराविना रोग कसा वाढतो हे पाहावयाचे होते! तब्बल ४० वर्षांनी, १९७२ मध्ये, वृत्तपत्रांतून वाच्यता झाली तेव्हा हा प्रकार थांबला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली ती १९९७ साली.

मार्सेला अल्सान व मॅरियन वानामेकर या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या अविश्वासाचे मोल मोजण्याचा प्रयत्न केला. प्रकरण उघडकीस आल्यानंतर कृष्णवर्णीय पुरुषांचे डॉक्टरांकडे जाणे कमी झाले आणि वयाच्या ४५ व्या वर्षी असलेले त्यांचे अपेक्षित आयुर्मान दीड वर्षापर्यंत घटले, असा त्यांचा अंदाज आहे. अल्सान यांनीच सहकाऱ्यांसह ओकलंड शहरात केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर कृष्णवर्णीय डॉक्टर आल्यावर कृष्णवर्णीय पुरुष प्रतिबंधक तपासण्यांना अधिक संख्येने तयार झाले. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत गोऱ्या व कृष्णवर्णीय पुरुषांत असलेली तफावत एवढ्याने १९ टक्क्यांनी कमी होऊ शकेल, असे गणित त्यांनी मांडले.

तथापि केवळ रंग सारखा असला की काम भागते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. टस्कीगीच्या त्या माणसांशी वर्षानुवर्षे संपर्क ठेवणारी परिचारिका कृष्णवर्णीयच होती. पण योजना आखण्याचा वा थांबविण्याचा अधिकार तिच्या हाती नव्हता. विल्यम जेंकिन्स यांची कथा याच दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. १९६० नंतरच्या दशकात ते सार्वजनिक आरोग्य सेवेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. टस्कीगीची माहिती कळताच त्यांनी विरोध केला, पण कोणी दाद दिली नाही. पुढे त्यांनी साथरोगशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले, तेही नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातच. टस्कीगीच्या हयात रुग्णांना व कुटुंबीयांना वैद्यकीय साहाय्य देणाऱ्या सरकारी योजनेची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. अल्पसंख्य विद्यार्थी खालच्या पायरीवर असून भागत नाही, तो निर्णयाच्या मेजापर्यंत पोहोचला पाहिजे, हे त्यांनी अनुभवातून ओळखले होते.

उमेदवारी कोणाला परवडते?

अटलांटाच्या मोअरहाऊस महाविद्यालयात १९८२ साली सुरू झालेल्या ‘इम्होटेप’ या उन्हाळी प्रकल्पाशी जेंकिन्स यांचे नाव निगडित आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना आधी संख्याशास्त्र व साथरोगशास्त्र यांची तोंडओळख करून द्यावयाची, मग तज्ज्ञांच्या हाताखाली संशोधनाला लावावयाचे, अखेरीस त्यांच्याकडून निबंध लिहवून घ्यावयाचा, अशी त्याची आखणी होती. यातील कळीची गोष्ट म्हणजे विद्यावेतन. बिनपगारी उमेदवारी ही वरकरणी सर्वांना खुली असते. परंतु ज्याला सुटीत कमाई करून पुढच्या सत्राची फी भरावयाची आहे, त्याला ती परवडत नाही. संधी खुली असणे आणि ती घेता येणे यांतील अंतर पैशाचे असते. त्यातून सार्वजनिक आरोग्य हे डॉक्टरकीसारखे पैसा मिळवून देणारे क्षेत्र नव्हे. कर्ज काढून शिकलेला गरीब विद्यार्थी अधिक पगाराकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा?

प्रवेशात वंशाचा विचार नको म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मुळीच टाकाऊ नाही. गोऱ्या वा आशियाई वंशाच्या गरीब मुलाने कोणाच्या पापाचे प्रायश्चित्त का घ्यावे, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर साहाय्य बंद करणे हे नव्हे, तर साहाय्याचे निकष अधिक अचूक करणे हे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय विद्यालयाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक ठरतो. तेथील १०० पैकी १६ जागांचे आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केले होते. वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेण्याची मुभा मात्र त्याच निकालाने दिली. पुढे १९९६ साली त्या राज्याच्या मतदारांनी तीही काढून घेतली. त्यानंतर या विद्यालयाने कुटुंबाचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण, वैद्यकीय सोयी अपुऱ्या असलेल्या भागात गेलेले बालपण अशा बाबींना गुण देणारी पद्धत बसविली. आता देशातील सर्वाधिक विविधता असलेल्या वैद्यकीय विद्यालयांत त्याची गणना होते.

म्हणजे मार्ग आहेत. प्रश्न इच्छेचा आहे. नॉर्थ कॅरोलायनातील राज्य विद्यापीठांच्या नियामक मंडळाने मे २०२४ मध्ये विविधताविषयक धोरण रद्द केले. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केंद्र सरकारच्या खात्यांतील अशा स्वरूपाचे कार्यक्रम गुंडाळण्याचा आदेश काढला. विद्यावेतने, उन्हाळी प्रकल्प आणि विद्यार्थ्यांच्या परिषदा यांवरील खर्च हा सरकारी अंदाजपत्रकात तसा नगण्यच. तो वाचविल्याचे समाधान तत्काळ मिळते. त्याचा तोटा मात्र कित्येक वर्षांनी, पुढच्या साथीच्या वेळी, लस घेण्यास लोक पुढे येत नाहीत तेव्हा दिसतो. आरक्षण आणि गुणवत्ता यांच्या वादात आपल्याकडेही बहुधा विद्यार्थ्याच्या नफ्यातोट्याचाच हिशेब मांडला जातो. त्या विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या रुग्णाचे आयुष्यही त्याच हिशेबात धरावयाचे असते, हे विसरून चालणार नाही.