घरचे धुराडे कधी झाडणार?

हंगामाचा शेवटचा ऊस गव्हाणीत पडला, की कारखान्यात दुसरे काम सुरू होते. बॉयलर थंड होतो, नळ्यांतली काजळी निघते, राख उपसली जाते, निरीक्षक येऊन पाहून जातात. त्याशिवाय पुढचे अग्निप्रदीपन नाही. ही बडदास्त आपण सारे बिनतक्रार मान्य करतो. पण सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या परसातली चूल बारा महिने जळते. तिचे धुराडे शेवटचे कधी झाडले, असे विचारले तर किती जणांना सांगता येईल?

घरोघर गॅस आला हे खरे. तरी पुष्कळ घरांत भाकरी चुलीवरची आणि अंघोळीचे पाणी बंबाचे, हा रिवाज सुटलेला नाही. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, तो २००२ साली बंद झाला. त्या काळात धुराड्याच्या चुली बऱ्याच बसल्या, पण धुराडे झाडायची सवय काही बसली नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात चूल धुमसायला लागली. आम्ही म्हणालो, लाकडं ओली असतील. आईचा खोकला थांबेना, तेव्हा औषधाच्या बाटल्या आणल्या. शेवटी एक दिवस छपरावर चढून नळीत बांबू घातला, तर घमेलंभर काजळी खाली आली. दुखण्याचे एक कारण डोक्यावरच होते आणि आम्ही ते बाटलीत शोधत होतो!

घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा हा विषय नुसत्या डोळे चुरचुरण्याचा नाही.

नळी झाडणे. रोज पेटणाऱ्या चुलीचे धुराडे महिन्यातून एकदा झाडावे. चूल रात्रभर थंड होऊ द्यावी. चुलीच्या तोंडावर ओले गोणपाट टाकावे, नाकाला फडके बांधावे. बांबूच्या टोकाला काथ्याची कुंची बांधून वरून खालपर्यंत फिरवावी. ओल्या लाकडाच्या धुराने नळीत डांबरासारखा थर धरतो. तो पेटला तर छपराला धोका. म्हणून नळी वाशाला टेकू देऊ नये, भोवती विटा-मातीचे कडे करावे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. त्या काळी बसवलेल्या सिमेंटच्या नळ्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. अशी नळी घासू नये, फोडू नये. पाणी मारून अखंड उतरवावी आणि पत्र्याची बसवावी.

चूल. भेगा शेणमातीने लिंपाव्यात, नळीचा सांधाही लिंपावा. वैलावर भांडे नसेल तर झाकण ठेवावे, नाहीतर धूर तिथूनच घरात येतो.

सरपण. उन्हाळ्यात फोडून आडोशाला, जमिनीपासून उचलून रचावे. वाळलेले लाकूड आपटले की खणखणते. ओले जळताना टोकाला फेस येतो. पाचट चुलीत घालू नये. ते भपकन पेटून विझते, राखच जास्त. ते फडातच आच्छादनाला ठेवावे.

राख. रोज काढावी, पण पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. राखेतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. गंजीजवळ किंवा उकिरड्यावर टाकाल तर पस्तावाल. थंड राख कंपोस्टमध्ये थोडी थोडी घालावी, तिच्यात पालाश असते. चोपण जमिनीत मात्र घालू नये.

बंब. मधली नळी महिन्याला झाडावी. बंब उघड्यावर किंवा पडवीत पेटवावा. दार बंद केलेल्या न्हाणीत निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

असो. तात्पर्य एवढेच, की येत्या अग्निप्रदीपनाच्या आत प्रत्येक सभासदाने घरचे धुराडे एकदा झाडावे. आणि हे काम घरच्या बाईवर ढकलू नये. धूर ती रोज सोसते. महिन्यातून एकदा छपरावर आपण चढायला काय हरकत आहे?